केजन मसाला घरी करताना : तीन तिखटं आणि मीठ वेगळं

रानजाई

केजन मसाला म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याकडचा तिखट मसाला. त्याची बाटली हातात घेतली की आधी मागचं लेबल वाचावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि बऱ्याच बाटल्यांवर पहिलं नाव मिठाचं असतं. मसाल्याच्या भावाने मीठ घेतलं जातं हे एक झालंच, पण त्याहून मोठी अडचण स्वयंपाक करताना येते. चव जरा वाढवावी म्हणून हात सैल सोडला की पदार्थ खारट होतो, आणि मीठ बेतात ठेवावं तर मसाला पुरेसा पडत नाही. म्हणून हा मसाला घरी करावा आणि बिनमिठाचाच करावा, असं माझं ठाम मत आहे.

माझं प्रमाण असं : पाप्रिका (रंगाला लाल, बेताच्या तिखट मिरचीची पूड) ४ टेबलस्पून, लसूण पावडर २ टेबलस्पून, कांदा पावडर १ टेबलस्पून, ताजी कुटलेली काळी मिरी १ टेबलस्पून, पांढरी मिरी २ टीस्पून, केयेन मिरचीची पूड १ टेबलस्पून, सुकं थाइम १ टेबलस्पून, सुकं ओरेगानो १ टेबलस्पून. सगळं मिळून पाऊण कपाच्या आसपास भरतं. अर्धा किलो चिकन किंवा कोळंबीला यातला १ टेबलस्पून मसाला आणि मीठ वेगळं, सपाट १ टीस्पून.

या मसाल्याचा जीव तीन तिखटांत आहे. काळी मिरी आधी नाकाला कळते. पांढरी मिरी त्याच वेलीची, पण पिकलेली फळं भिजवून साल काढलेली. तिला मातकट, थोडा आंबूस वास असतो आणि ती जरा उशिरा बोलते. लाल मिरची शेवटी घशात उतरते आणि रेंगाळते. मिरीचा झणका पायपरीनचा आणि मिरचीचा कॅप्सायसिनचा, त्यामुळे एकाची कसर दुसऱ्याने भरून निघत नाही. 'पांढरी मिरी नाही, काळीच दुप्पट घालते' असं केलं की मसाला नुसताच तिखट होतो, मधली पायरी गळून जाते.

मिरी मिक्सरऐवजी खलबत्त्यात कुटा आणि रव्याच्या चाळणीने चाळा. वर राहिलेला जाडसर भाग पुन्हा कुटायचा. हे काम टाळू नका, कारण कण लहानमोठे असले की बाटली हलवताना बारीक पाप्रिका तळाशी जाते, मिरीचे तुकडे वर येतात आणि प्रत्येक चमच्याची चव वेगळी लागते. लसूण-कांद्याच्या पावडरीतल्या गाठी चहाच्या गाळणीवर दाबून मोडाव्यात. थाइम आणि ओरेगानो कसुरी मेथी चुरतो तसे तळहातावर चुरून शेवटी मिसळायचे.

आणि भाजायचं काहीही नाही. मसाला म्हटलं की आपला हात कढईकडे जातो, पण इथे तो आवरावा. पाप्रिकामध्ये साखर असते, ती चटकन करपते आणि कडवट लागते. लसूण-कांद्याच्या पावडरी तर आधीच सुकवलेल्या. या मसाल्याला उष्णता द्यायची ती पदार्थ करताना, तेला-लोण्यात. लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही स्निग्धात विरघळतात, त्यामुळे मसाला पाण्यात टाकण्याआधी मंद आचेवर अर्धा मिनिट परतला तरी फरक लगेच दिसतो.

---

आजीचाखलबत्ता

धागा छान, रानजाई. पण न भाजता मसाला ही कल्पना मला अजून पचत नाही. निदान चमचाभर धने-जिरे हलके भाजून घातले तर चवीला बूड येईल. आमच्याकडे कुठल्याही मसाल्याला बूड धन्याचंच असतं.

---

रानजाई

आजी, चव चांगलीच होईल, पण मग तो आपला मसाला होईल. जिऱ्याचा वास फार जोरकस असतो, चिमूटभर पडलं तरी थाइम मागे पडतं. केजन मसाल्याला बूड येतं ते लसूण-कांद्यानं आणि पुढे पदार्थात पडणाऱ्या कांदा, सेलरी, हिरवी ढोबळी मिरची या तिघांनी. त्या तिकडीशिवाय तिकडची भांडी चुलीवर चढतच नाहीत म्हणा ना.

---

बॅटनरूजकर

लुइझियानात राहतो, त्यामुळे इथलं थोडं लिहितो.

केजन म्हणजे मूळचे फ्रेंच वसाहतकरी, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातले. १७५५ पासून ब्रिटिशांनी त्यांना तिथून हुसकावून लावलं. त्यांतली काही कुटुंबं १७६० च्या दशकात लुइझियानात पोचली, तेव्हा हा मुलूख स्पेनच्या ताब्यात होता. १७८५ मध्ये फ्रान्सहून आणखी सात जहाजं भरून माणसं आली. दक्षिण लुइझियानातल्या दलदलीत, बायूंच्या (संथ ओढ्यांच्या) काठी आणि गवताळ माळावर ती स्थिरावली. इथे जे हाताशी होतं ते त्यांनी शिजवलं : तांदूळ, डुक्कर, मासे, क्रॉफिश (गोड्या पाण्यातला कवचवाला, कोळंबीसारखा जीव), बदक. सोबत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांची भेंडी आली, आणि इथल्या चॉक्टॉ लोकांकडून ससाफ्रासच्या पानांची पूड आली, जी आजही गम्बो (इथला दाट रस्सा) चुलीवरून उतरवल्यावर घालतात. उकळत्या रश्श्यात घातली तर तार सुटते.

जुन्या केजन घरांतला मसाला प्रत्यक्षात फार साधा आहे : मीठ, काळी मिरी, लाल मिरची, लसूण. रानजाईंनी दिलंय तसं थाइम-ओरेगानोचं मिश्रण न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल स्वयंपाकाकडे जास्त झुकतं. शहरातल्या क्रिओल रांधपात टोमॅटो आणि सुकी पानं भरपूर, गावाकडच्या केजनमध्ये मिरी आणि काळपट होईस्तोवर परतलेला रू, म्हणजे स्निग्धात परतलेला मैदा. जंबलाया या मांस घातलेल्या भाताचंच बघा : न्यू ऑर्लिन्सचा टोमॅटोने लाल, गावाकडचा मांस नीट परतून तपकिरी झालेला.

तीन मिऱ्या-मिरच्या एकत्र घालायची पद्धत जगभर पोचवली ती पॉल प्रूडोम या शेफनी. ओपेलुसस गावाजवळ वाढलेला माणूस. १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये त्यांनी 'के-पॉल्स लुइझियाना किचन' काढलं, आणि तिथल्या ब्लॅकन्ड रेडफिशने (मसाला लावून तापल्या पॅनवर काळपट भाजलेल्या माशाने) अमेरिकेला वेड लावलं. मागणी इतकी वाढली की १९८० च्या दशकातच मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या व्यावसायिक मासेमारीवर बंदी आणावी लागली. आजच्या बहुतेक केजन मसाल्यांवर त्यांचा ठसा आहे. म्हणून मी रानजाईंच्या प्रमाणाला चूक म्हणणार नाही. फक्त ओरेगानो अर्धं करा, थाइम राहू द्या. ओरेगानो जास्त झालं की पिझ्झाची आठवण येते.

---

रानजाई

@बॅटनरूजकर, ओरेगानो अर्धं, मान्य. मासे-कोळंबीसाठी करताना तर नक्कीच. चिकनला मात्र मला पूर्ण चमचा आवडतो, तिथे मी ठाम आहे.

---

आजीचाखलबत्ता

बॅटनरूजकर, माहितीबद्दल आभार. म्हणजे तिकडच्या कुठल्याच मसाल्यात धने नसतातच का?

---

बॅटनरूजकर

असतात ना, आजी! क्रॉफिश उकडायच्या मसाल्यात. त्यात अख्खे धने, मोहरी, लवंग, ऑलस्पाइस, तमालपत्रासारखं लॉरेलचं पान आणि लाल मिरची अशी पुरचुंडी कापडात बांधून मोठ्या पातेल्यात सोडतात. पण तो मसाला निराळा, पाण्यात उतरायचा. त्या पाण्याला मीठही समुद्राच्या पाण्याइतकं लागतं, कारण कवचाच्या आत चव शिरायची असते. बटाटे आधी, मग मक्याची कणसं, शेवटी क्रॉफिश, आणि आच बंद केल्यावर सगळं त्याच पाण्यात मुरत ठेवायचं. खरी चव त्या मुरण्यात चढते. हंगाम साधारण जानेवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत, ऐन भर मार्च ते मे. इथले शेतकरी भाताच्याच खाचरात पाणी कोंडून क्रॉफिश वाढवतात, भात निघाला की क्रॉफिश.

लॉरेलचं पान आणि आपलं तमालपत्र एक नव्हे, हेही सांगून ठेवतो. आपल्या पानावर तीन लांब शिरा असतात आणि वास दालचिनीच्या कुळाचा. लॉरेलच्या पानाला मधे एकच शीर. गम्बोत तमालपत्र घातलं की चव पुलावाकडे जाते.

---

तिखटमीठ

रानजाई, उपयोगी धागा. घरात रक्तदाबामुळे मीठ कमी करावं लागलंय, त्यामुळे 'मीठ वेगळं' हे वाचून फार बरं वाटलं. वडिलांच्या ताटातल्या माशाला मीठ कमी आणि मसाला पुरेपूर, असं करता येईल.

एक शंका. पाप्रिका आणि केयेन दोन्ही इथे सांगलीत सहज मिळत नाहीत. आपल्या कुठल्या मिरच्या चालतील?

---

रानजाई

पाप्रिकाला काश्मिरी मिरचीची पूड सगळ्यात जवळची. रंग देते, तिखट बेताची. ब्याडगीही चालेल, रंगाला तर ती उजवीच, पण बी काढून दळा. पाप्रिकाला थोडी गोडसर चव असते ती या दोघींत कमी आहे. ती मी तशीच सोडून देते, साखर घालत नाही.

केयेनच्या जागी गुंटूरची मिरची बऱ्यापैकी जुळते. सांगलीत संकेश्वरी मिळतेच, तीही चालेल. लवंगी मात्र नको. ती फार तिखट, आणि तिच्यापुढे दोन्ही मिऱ्या ऐकूच येत नाहीत. काश्मिरी किंवा ब्याडगी वापरलीत तर केयेनच्या जागची मिरची १ टेबलस्पूनऐवजी २ टीस्पूनच घ्या, कारण पाप्रिकापेक्षा त्या थोड्या तिखट असतातच.

बाजारात 'स्मोक्ड पाप्रिका' मिळते, ओकच्या धुरावर सुकवलेली स्पॅनिश मिरची. चव सुंदर, पण मी या मसाल्यात घालत नाही.

---

बॅटनरूजकर

+१. इथे धुराचा वास मसाल्यातून नाही, मांसातून येतो. आन्दुई सॉसेज आणि टासो (डुकराचं मसालेदार मांस) हे दोन्ही लाकडाच्या धुरात तयार होतात. पण शाकाहारी राजमा-भात करणाऱ्यांनी अर्धा चमचा स्मोक्ड पाप्रिका जरूर घालावी, तिथे ती उणीव भरून काढते. न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी लाल राजमा आणि भात करायची जुनी रीत आहे. सोमवार धुण्याचा दिवस, पातेलं मंद आचेवर ठेवून बायका कपडे धुवायच्या. राजम्यातून सॉसेज वगळलं की आपल्या शाकाहारी घरातही तो उत्तम जमतो. राजमा नीट गळेपर्यंत शिजवायचा आणि थोडा पळीने भांड्याच्या कडेला चेपायचा, रस्सा आपोआप दाट होतो.

---

नवशिका_पुणे

थाइम मिळालं नाही तर ओवा चालेल का? दोघांचा वास सारखा वाटतो मला.

---

रानजाई

तुझं नाक बरोबर सांगतंय. ओवा आणि थाइम दोघांतही थायमॉल असतं. पण ओव्यात ते खूपच तीव्र, शिवाय त्याला थाइमचा हिरवा, पाल्याचा वास नाही. १ टेबलस्पून थाइमच्या जागी पाव टीस्पून ओवा, तोही खलबत्त्यात मोडून, त्याहून एक दाणा जास्त नको. कुंडीत ओव्याच्या पानांचं झाड असेल, ज्याची भजी करतो ते, तर ती पानं सावलीत पूर्ण कडकडीत सुकवून चुरून घाल. त्यांचा वास ओरेगानोला बराच जवळचा आहे. पानं जाड आणि रसाळ असतात, त्यामुळे ओल राहिली की बुरशी धरते. मोडताना कट्‌ असा आवाज आला तरच बाटलीत भर.

पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगानोच्या पुड्या वापरायच्या असतील तर आधी घटक वाचून घे. बऱ्याचदा त्यांत मीठ आणि इतर मसाले मिसळलेले असतात.

---

खाडीकाठ

अलिबागहून लिहितोय. वर रेडफिशचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. रेडफिश म्हणजे रेड ड्रम, आणि तो आपल्या घोळीच्या कुळातला मासा आहे. ढोमाही त्याच कुळातला. तेव्हा हा पदार्थ इथे करायचा तर घोळीचे काटे काढलेले तुकडे घ्यावेत. घोळ परवडत नसेल तर जिताडा, नाहीतर रावस. सुरमई मला यासाठी आवडत नाही, तिचं मांस लवकर कोरडं पडतं. हलवा चालेल पण तुकडा पातळ मिळतो.

आणि भांडं? आपल्याकडे बिडाचा तवा आहे की. तिकडे हा पदार्थ बिडाच्या पॅनमध्येच करतात. तवा कोरडा, तेलाचा थेंबही न घालता, मोठ्या आचेवर चांगला आठ-दहा मिनिटं तापू द्यायचा. माशाचे तुकडे पुसून कोरडे करायचे, वितळलेल्या लोण्यात बुडवायचे, दोन्ही बाजूंनी मीठ आणि मसाला दाबून लावायचा आणि तव्यावर ठेवून द्यायचे. मग हलवायचे नाहीत. जाडी पाऊण इंचाची असेल तर एका बाजूला दोन मिनिटं, उलटून तेवढीच. वरचा थर जवळजवळ काळा दिसतो, तो करपलेला नसतो. लोण्यातला दुधाचा अंश आणि मसाला मिळून तो थर धरतात. म्हणून इथे तूप नको, लोणीच हवं.

धूर प्रचंड होतो. खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि मिरचीचा ठसका लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना लागतो, त्यांना बाहेर बसवा. मी तर अंगणातल्या शेगडीवरच करतो. नॉनस्टिक तवा यासाठी अजिबात वापरू नका, एवढ्या आचेवर त्याचा थर खराब होतो आणि त्याची वाफ अपायकारक असते.

---

रानजाई

खाडीकाठ, घोळीची माहिती फार मोलाची! मूळ लेखात भर घालते. माशासाठी मसाला थोडा बारीक चाळावा हेही त्यात लिहीन, कारण मिरीचे जाड कण तापलेल्या तव्यावर आधी जळतात.

---

तिखटमीठ

कोकणातल्या पावसात लसूण पावडरीचा दगड होतो. खाडीकाठ, तुम्ही कसा टिकवता?

---

खाडीकाठ

जूनच्या आधी करतो तो मसाला छोट्या काचेच्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये. एक बाटली बाहेर, बाकीच्या आत. फ्रीझरमधली बाटली काढली की लगेच झाकण उघडायचं नाही, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आतल्या गार मसाल्यावर दव धरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : वाफाळत्या पातेल्यावर बाटली धरून मसाला शिंपडायचा नाही. वाटीत काढून घ्यायचा. निम्मी ओल तिथूनच जाते बाटलीत.

---

रानजाई

मीठ न मिसळण्याचा इथे आणखी एक फायदा. मीठही हवेतली ओल ओढतं, विशेषतः जाडं मीठ. उन्हाळ्यात कांदा घरी सुकवणाऱ्यांनी पांढरा कांदा घ्यावा, त्यात पाण्याचा अंश कमी आणि पूड स्वच्छ होते. पातळ चकत्या, कडक ऊन, वर मलमल. हाताने मोडल्यावर काचेसारखा तुटला की लगेच दळायचा. दळलेली पूड बाटलीत भरण्याआधी थंड होऊ द्यायची. सुकवलेल्या कांद्याचे तुकडे तयारही मिळतात, ते आणून घरी दळले तर विकतच्या पावडरीपेक्षा वास कितीतरी ताजा.

---

नवशिका_पुणे

हॉटेलात मिळणारे केजन पोटॅटो या मसाल्यातून होतील का? होस्टेलला इंडक्शन आहे, तळण शक्य नाही.

---

बॅटनरूजकर

ते भारतातल्या हॉटेलांत रुळलेले, अंडी-मेयोनीजच्या सॉसमध्ये घोळवलेले तळलेले बटाटे. इथे लुइझियानात त्या रूपात मला कुठे दिसले नाहीत, पण मसाला हाच चालतो. रानजाईंचा मसाला १ टीस्पून, मेयोनीज ३ टेबलस्पून, दूध १ टेबलस्पून, लिंबाचे काही थेंब. मसाला आधी चमचाभर गरम तेलात क्षणभर परतून मेयोनीजमध्ये घाल, कच्ची लसूण पावडर जिभेवर येत नाही. आंबटपणा मात्र मसाल्यात घालू नकोस, आमचूर वगैरे. इथे आंबट हवं असेल तर ताटात वरून व्हिनेगरवाला मिरचीचा सॉस घेतात. एव्हरी आयलंडवर १८६८ पासून बनणारा टबास्को हा त्यातलाच.

---

रानजाई

तळायची गरजच नाही. छोटे बटाटे सालासकट उकडून घे, वाटीच्या बुडाने दाबून चपटे कर, पॅनमध्ये दोन चमचे तेलावर एक बाजू खरपूस होईपर्यंत हलवू नकोस. उलटल्यावर मग मसाला भुरभुरायचा, आधी नाही, नाहीतर बटाटा सोनेरी व्हायच्या आत पाप्रिका जळेल.

आणि एकट्यापुरता मसाला करायचा तर वरचं सगळं प्रमाण टेबलस्पूनऐवजी टीस्पूनने घे. पांढरी मिरी तेवढी पाऊण टीस्पूनला किंचित कमी. महिनाभर पुरेल आणि वास उडायच्या आत संपेल.